बाटलीवरचं न वाचलेलं

कसे आहात ग्रुपवरचे सगळे? सुमनताई, गुडघा काय म्हणतोय... जिना चढता येतो का आता? दत्ताभाऊ, डोळ्याची पट्टी निघाली का? माळशिरसच्या वहिनी, तुमचा खोकला थांबला असेल अशी आशा करते. मी बरी आहे. म्हणजे, तब्येतीनं बरी आहे.

गुरुवारी आमच्या घरी वाईट झालं. माझ्या हातून झालं, म्हणून मीच सांगते.

माझी धाकटी बहीण शोभा तीन वर्षांपूर्वी गेली. तिची लेक पूजा तेव्हापासून इथं सोलापुरात माझ्याजवळ असते. शेवटी शोभाला उठवत नव्हतं, तरी पडल्या पडल्या लेकीची वेणी घालायची. "ताई, हिचे केस तेवढे सांभाळ गं," एवढंच मागितलं तिनं. कमरेखाली होते पोरीचे केस...

या रविवारी पूजाचा साखरपुडा आहे, टेंभुर्णीला. तिला केस सरळ करून मोकळे सोडायचे होते. गरम मशीननं केस जळू नयेत म्हणून आधी एक स्प्रे मारतात म्हणे. तिला ऑफिसातून सुटी मिळेना, मी म्हटलं, मी आणते.

नव्या पेठेतल्या दुकानदारानं चार बाटल्या पुढ्यात ठेवल्या. "मावशी, बघून घ्या, पाठीमागं सगळं लिहिलंय." पाठीमागं सगळं इंग्रजी! मी चौथीत शाळा सोडलेली. पेपर वाचून वाचून मराठी शिकले, या मोबाईलवर लिहायलाही शिकले, पण इंग्रजीचं अक्षर कळत नाही... आणि मागं दोन कॉलेजच्या मुली उभ्या. मी चष्मा नीट केला, बाटली फिरवून बघितली, मान डोलावली. जिच्यावर लांबसडक केसांचं चित्र होतं, ती घेतली.

गुरुवारी संध्याकाळी म्हटलं, एकदा करून बघू. मागच्या केसांपर्यंत तिचा हात पुरेना, म्हणून मशीन माझ्या हातात.

"मावशी, हे आधीच लावायचं ना? नीट बघितलंस?"

"अगं, सगळं वाचून आणलंय की!"

हाताला तेलकट लागलं, तेव्हाच थांबायला हवं होतं. उलट मी चांगलं चोपडलं. तेल लावलेला केस कशाला जळतोय, असं वाटलं मला. चर्र आवाज आला, वास आला... नव्या बाटलीचा असेल म्हणून आणखी तीन बटा केल्या. त्यानंतरची बट मशीनबरोबर हातातच आली.

शेजारच्या पद्माचं पार्लर आहे. तिनं बाटली वाचली. "अक्का, हे सगळं झाल्यावर चमक यायला लावायचं तेल आहे. गरम मशीनच्या आधी लावू नका, असं लिहिलंय की हितं." मग कात्री काढली. केस मानेपर्यंत आले.

पूजा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. कापलेले केस ओढणीत गुंडाळत एवढंच म्हणाली, "वाचता येत नाही म्हणाली असतीस, तर मीच वाचलं असतं की."

वरचे या तीन वर्षांत वाढलेले, शोभाचा हात लागलेले केस खालचेच होते. तेच गेले.

पद्मानं एक स्प्रे सांगितलाय, पण आता माझा माझ्यावरच भरवसा नाही. उरलेत ते तरी सांभाळायचेत. मशीनच्या आधी तुमच्या घरी पोरी काय लावतात, ते लवकर लिहा, रविवारच्या आत.

आणि नाव मराठी अक्षरांत लिहा... मला इंग्रजी वाचता येत नाही.