उंबरठ्याचं माप

जगात कधीच न झिजलेली एकच वस्तू मी पाहिली, ती म्हणजे माझ्या मावसाजींचा संशय. आदिलाबादच्या मोटार डेपोत गाडीचा कुठला भाग किती झिजला ते मापायचं, हे त्यांचं काम. पण घरी आले तरी खिशातला कॅलिपर, म्हणजे झीज मोजायचा चिमटा, त्यांना स्वस्थ बसू देत नसे. पोळपाट, चपलांच्या टाचा, मावशीच्या पाटल्या, सगळं मापून व्हायचं. माझ्या लग्नाची मोटार वाटेतल्या मावला गावाजवळ थांबवून त्यांनी पुढचं चाक हलवून पाहिलं, ते जरा जास्तच हललं, आणि अख्खं वऱ्हाड खाली उतरवलं. नवरदेव, म्हणजे मी, बैलांच्या दमणीतून मांडवात पोचलो. सासरे शेवटपर्यंत ते विसरले नाहीत.

तापलेला ब्रेकचा ड्रम मात्र ते कधी मापत नसत. तापला की धातू फुगतो, म्हणून तो निवेपर्यंत गाडीभोवती येरझारा घालायच्या. "गरम माप खोटं असते, बाप्पा," म्हणायचे. नेमक्या याच नियमानं घात केला. राज्यांची फेररचना झाली, किनवट सीमेपलीकडच्या राज्यात गेलं, आणि डेपोत कागद आले: तिकडे जायचं की इथंच राहायचं, लिहून द्या. मावशीचं माहेर किनवटचं. तिनं बोचकी बांधली, शेजारणींचा निरोपसुद्धा घेतला. मावसाजी म्हणाले, सध्या सगळ्यांचीच डोकी तापली आहेत, जरा निवू द्या. कागद हत्यारांच्या पेटीत गेला, मावसाजी अंगणात फेऱ्या मारत राहिले आणि मुदत टळली. मावशीनं एकदाच विचारलं, "तुमी कागद काऊन नाई देल्ला?" ते डेपोत निघून गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी किनवटची गाडी यायच्या वेळी ती उंबरठ्यावर उजवा पाय ठेवून उभी राहायची. माहेरचं कोणी उतरलं तर उतरलं. मावसाजी तेवढा वेळ परसात काहीतरी शोधत असायचे.

मावशी वारल्यावर मी भेटायला गेलो, तर मावसाजी उंबरठ्याशी चक्क बसलेले. त्यांना असं बसलेलं मी प्रथमच पाहत होतो. सागवान एका जागी खोलगट झालं होतं, तिथं त्यांनी पट्टी आडवी धरली होती. "दोन सूत," ते म्हणाले. म्हणजे पाव इंच. "तुही मावशी येवढी उबी राह्यली." मग कॅलिपर माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू एकडाव माप. माह्यं चुकलं असंन."

मी मापलं. दोन सुतांच्या वर होतं. मी दीड सांगितलं. जन्मात दुसऱ्याचं माप न मानणाऱ्या मावसाजींनी ते पुन्हा तपासलं नाही.