चटणीची भिंत

मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो. पुढं करकंबच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो आणि मग सोलापुरात येऊन चाळीस वर्षं भिंती बांधल्या. माझं अक्षर वाकडं आहे, पण मी बांधलेली भिंत वाकडी दाखवा, असं मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. आज एका भिंतीबद्दल लिहायला बसलोय, तर तेच वाक्य लिहिताना हात अडखळतो.

भिंत आमच्या घरातलीच आहे. मागच्या खोलीतली, जिथं माझी सून शेंगाचटणी करते. मुलगा चिंचोळीच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. माझी बायको गेल्यावर घराचा सगळा भार सुनेनं उचलला. तिच्या हातची चटणी आधी गल्लीत गेली, मग मुलाच्या डब्यातून कारखान्यात गेली, आणि कुठून तरी पुण्याच्या एका दुकानदाराच्या जिभेला लागली. त्यानं दर महिन्याला माल मागितला. फक्त म्हणाला, अन्नखात्याचा परवाना पाहिजे. परवाना द्यायच्या आधी अधिकारी येऊन खोली बघणार होते.

त्या खोलीला तेव्हा चुना होता, तोही मीच दिलेला. चटणी कुटताना तिखटाची धूळ उडते, शेंगदाण्याचं तेल सुटतं, आणि दोन्ही मिळून भिंतीवर जाऊन बसतात. पुसायला गेलं तर चटणीच्या आधी चुनाच फडक्याला येतो. सून म्हणाली, वरपर्यंत टाइल्स लावून घेऊ. मुलानं फोनवर प्लास्टिकच्या पट्ट्या दाखवल्या. त्या स्क्रूनं भिंतीवर मारायच्या, दोन दिवसांत काम संपतं म्हणाला. मी म्हणालो, या पट्ट्यांच्या मागं पोकळी राहणार आणि त्या पोकळीत झुरळांचं गाव वसणार. तेवढं माझं बरोबर होतं, हे मी आजही म्हणतो.

मग टाइल्स बघायला सून आणि मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. मुलगा पाळीवर होता. दुकानदारानं नमुने मांडले. सुनेनं पिशवीतनं कागदाची एक पुडी काढली. मला वाटलं, सुपारी असेल. पुडीत चटणी होती. ती एकेका टाईलवर चिमूटभर चटणी ठेवायची, अंगठ्यानं दाबून घासायची, थोडा वेळ थांबायची आणि घरून आणलेल्या कोरड्या फडक्यानं पुसायची. दुकानातली माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

"दुकानात चटणी काय फासतीस? लोकं बघायल्यात," मी म्हणालो.

"बघू द्या की मामा. पुसायचं तर मलाच हाय."

पांढरी, चकचकीत टाईल एका पुसण्यात साफ झाली. दुसरी, बिनचकाकीची, तिच्यावर लालसर सावली राहिली. तिसरी मी उचलून आणलेली होती. ती दगडासारखी होती, टाकीनं घडवल्यासारखी, खरबरीत. घराच्या दर्शनी भिंतीला लावतात ती. मी तरुणपणी असाच दगड घडवायचो. तिच्यावर सुनेनं चटणी घासली आणि पुसली. फडक्याला थोडी आली, बाकीची खाचांत जाऊन बसली.

"हिच्या पोटातच गेली बघा मामा."

हे मी डोळ्यांनी बघितलं. मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढं मला कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला कळलं नसेल. मला कळलं होतं. पण दुकानदार हसला आणि म्हणाला, "आजोबा, वैनींचं बरोबर हाय." माझ्या धंद्यातली गोष्ट मला पुडी घेऊन आलेली बाई शिकवणार आणि टाइल्स विकणारा तिला दुजोरा देणार, हे मला सहन होईना. मी म्हणालो, ही टाईल वीस-वीस वर्षं बाहेर पाऊस झेलती. जी पावसानं धुऊन निघती, ती तुमच्या बादलीभर पाण्यानं धुऊन निघणार न्हाय व्हय?

सून फडकं घडी करत म्हणाली, "पर मामा, पाऊस चटणीचा पडत न्हाय."

सगळं दुकान हसलं. त्या हसण्यानं माझं पक्कं झालं. मी खरबरीत टाईलच घेतली, आणि घरी येऊन मुलाला सांगितलं की भिंतीचं मी बघतो, तुम्ही चटणीचं बघा.

टाइल्स मीच बसवल्या. गुडघे साथ देत नव्हते तरी बसवल्या. आमच्या मिस्त्रीनं शिकवलं होतं की भिंत तपासायची ती उलट्या हातानं. गवंड्याचा तळहात घट्टे पडलेला असतो, त्याला उंचसखल कळत नाही. हाताची पाठ खोटं बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हा सूनसुद्धा हे माझ्याकडनं शिकली होती. कुठंही नवी भिंत दिसली की गमतीनं हाताची पाठ फिरवून बघायची आणि म्हणायची, मामा, ही तुमची न्हाय. या भिंतीवर मात्र तिनं हात फिरवला नाही. फिरवून उपयोगही नव्हता, ती सगळीच खरबरीत.

दोन महिन्यांत भिंत लाल झाली. नुसती लाल नाही, तेलकट लाल, आणि खोलीत शिरलं की जुन्या तेलाचा वास. सून दर रविवारी गरम पाण्यात सोडा टाकून ब्रशनं घासायची. ब्रशचे केस झडायचे, टाईल तशीच राहायची. एकदा तिच्या बोटांची सालं निघालेली मी बघितली, सांध्यांवर, टाईलला घासून. मी दारात खुर्चीवर बसलेला होतो. मी म्हणालो, जरा जोर लावून घास की. ती पाणी बदलायला उठली.

मग खाचांत बारीक जाळी दिसायला लागली. शेंगदाण्याला अळी लागली की होते तशी. मी म्हणालो, शेंगदाणाच खराब आलाय.

तपासणीला अन्नखात्याच्या मॅडम आल्या. वयानं माझ्या सुनेएवढ्याच असतील. मुलानं रजा काढली होती. त्यानं माझी ओळख करून दिली, वडील चाळीस वर्षं गवंडी होते म्हणून. मॅडम मला नमस्कार करून म्हणाल्या, "मग भिंतीतलं तुम्हांला कळतच असेल." मला बरं वाटलं. मी खुर्चीत ताठ झालो.

त्यांनी आधी भांडी बघितली, पाण्याची टाकी बघितली, सुनेच्या डोक्याला बांधलेलं फडकं बघितलं. सगळं चांगलं आहे म्हणाल्या. मग पर्समधनं पांढरा कागदी रुमाल काढून भिंतीवर एक बोट ओढलं. रुमाल लाल झाला. त्यांनी फोनचा दिवा लावून खाचांत बघितलं. जाळी दिसली.

"ही टाईल इथं कशी लावली? ही बाहेरची आहे," त्या म्हणाल्या. "कुणी निवडली?"

रागानं नाही, सहज विचारलं. मुलानं माझ्याकडं बघितलं. सून डब्याचं झाकण हातात घेऊन उभी होती. मला एवढंच दिसत होतं की आत्ताच या बाईनं मला नमस्कार केलाय.

"सुनंनं," मी म्हणालो. "बायकांना डिझाईन लागतंय की."

मॅडम स्वतः बाई होत्या. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग सुनेकडं. सुनेनं झाकण डब्यावर ठेवलं, नीट दाबून बसवलं.

"व्हय मॅडम. मीच निवडली."

मुलानं खाली मान घातली. मी खुर्चीतच बसून होतो. मॅडमनी सांगितलं, भिंत बदला, गुळगुळीत आणि तेल न शोषणारी टाईल लावा, जोड कमीत कमी ठेवा, फरशी आणि भिंत मिळतात तिथं कोपरा गोल करा म्हणजे तिथं घाण अडकणार नाही. झालं की कळवा, मी परत येईन.

पुण्याचा दुकानदार काही दिवस थांबला, मग दुसरीकडनं माल घ्यायला लागला. फोन सुनेच्याच हातात होता. ती "बरं, बरं" म्हणाली, फोन ठेवला आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशी रात्री मुलगा माझ्याशी बोलला नाही. सून बोलली, पण नुसतं "मामा, वाढलंय" एवढंच. आधी ती मला सगळं विचारायची. गॅस कुठं लावायचा, पाण्याचा नळ कुठं काढायचा, अगदी चटणीत लसूण किती घालायचा, ज्यातलं मला काहीच कळत नाही. आता तिनं काही विचारायचं सोडलं. माझ्याकडनं काय काय गेलं, ते तेव्हा मला कळलं.

टाइल्स काढायचं काम मी घेतलं. मुलगा नको म्हणत होता. मी छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. एक टाईल नीट निघेल तर शपथ. माझाच सिमेंटचा माल, माझीच मिसळण, इतकी पक्की की टाईल तुकड्या-तुकड्यांनी निघायची आणि सोबत गिलावाही घेऊन यायची. आयुष्यभर मी ज्याचा गर्व केला तो पक्केपणा मी सहा दिवस फोडत होतो. सून येऊन तुकडे घमेल्यात भरायची आणि बाहेर नेऊन टाकायची. मधे एकदा मला चहा दिला. मी म्हणणार होतो की त्या दिवशी माझं चुकलं. "साखर कमी हाय" असं म्हणालो.

नवी टाईल आणायला ती एकटीच गेली, पुडी घेऊन. मोठ्या पांढऱ्या टाइल्स आणल्या, आणि बसवायला एक टाईलवालाही. जोड कमी, आणि तो जोडही सिमेंटनं न भरता टाईलवाल्यानं एपॉक्सीनं भरला, ज्यात तेल मुरत नाही. मी लांबून बघत होतो. टाईलवाला म्हणाला, तळाचा गोल कोपरा मला जमणार नाही, माझं काम सरळ. तेव्हा कित्येक दिवसांनी सून माझ्या खुर्चीपाशी आली.

"मामा, गोलाई तुमाला येती का?"

पाण्याच्या हौदाला आम्ही गोलाई करायचो. सोड्याची काचेची बाटली ओल्या सिमेंटवरून फिरवायची, कोपऱ्याला बरोबर बाटलीचा गोल येतो. मी बाटली शोधून काढली आणि खोलीच्या चारी बाजूंनी गोलाई केली. वर टाईलवाल्यानं एपॉक्सीचा हात दिला. दोन दिवस मी जमिनीवर पसरूनच काम केलं. उठायला मुलाला हाक मारावी लागायची.

मॅडम परत आल्या. रुमाल काढला, भिंतीवर ओढला. पांढरा तो पांढराच राहिला. खाली वाकून गोलाई बघितली. "आता झकास," त्या सुनेला हसून म्हणाल्या. "या वेळी कुणी निवडली?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. उतू जायच्या बेतातल्या दुधाकडं बघतात तसं ती बघत होती.

मी खुर्चीतनं उठलो. बसून बोलता येईना.

"हिनंच निवडली," मी म्हणालो. "पर आधीची मी निवडली हुती. त्या दिवशी मी तुमाला खोटं सांगितलं. दुकानात हिनं चटणी लावून दाखवली हुती, तरीबी मी तीच घेतली."

मॅडम मला धीर द्यावा तशा म्हणाल्या, "अहो आजोबा, ते मी लिहिलंच नव्हतं. कुणी निवडली ते कागदावर येत नाही."

त्यांना वाटलं, त्यानं मला हलकं वाटेल. जे कुणी लिहून घेणार नव्हतं, ज्याची कुणाला शिक्षा होणार नव्हती, तेवढ्यासाठी मी घरच्या पोरीला पुढं केलं होतं.

परवाना मिळाला. पुण्याची ऑर्डर काही परत आली नाही. आता मुलाच्या कारखान्याजवळचं एक हॉटेल चटणी घेतं, थोडी थोडी. सून म्हणते, हळूहळू वाढंल.

मॅडम गेल्यावर त्याच दिवशी ती खोलीत खाली बसली आणि गोलाईवरून हाताची पाठ फिरवत चालली. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी दारातनं बघत होतो. मोरीपाशी तिचा हात थांबला.

"मामा, हितं जरा खड्डा राहिलाय."

पूर्वीचा मी असतो तर जागेवरनंच म्हणालो असतो, माझ्या कामात खड्डा नसतो. मी भिंत धरून खाली बसलो आणि तिच्या बोटाशेजारी माझ्या हाताची पाठ लावली.

"व्हय," मी म्हणालो. "राहिलाय."

मग थापी कुठं ठेवलीय ते तिला विचारलं.