तिघांचं वैर आणि दोन पंगती

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग मी गप्पच बसायला हवं... धुळ्याहून सरांच्या पत्नीचा, अक्कांचा, फोन आला, "भाऊ, सर गेले," तेव्हा माझ्या हातात चहा होता. तो मी शेवटपर्यंत प्यायलो.

सर भौतिकशास्त्र शिकवायचे आणि माझ्या पीएचडीचे मार्गदर्शक होते. शिकवायचे मात्र झकास, ते खोटं कसं म्हणू? पहिल्याच भेटीत म्हणाले, "चोपड्याचा ना तू? लग्नात समोरासमोर दोन पंगती बसतात. तीन भाऊबंद, तिघांचं आपसांत वाकडं. कुणालाच कुणाच्या ओळीत बसायचं नाही. बसव बरं!" दोघं एका ओळीत येणारच. "काही चुंबकांतले अणूही असेच, कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली. कमीत कमी भांडणाची मांडणी शोध." मी भाळलो. घरची केळीची बाग थोरल्या भावावर टाकून धुळ्यात खोली घेतली.

विभागात संगणक एकच. एक अणू वाढवला की मांडण्या दुप्पट, आणि पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम, म्हटली की त्या सगळ्या एकदम सांभाळायच्या. दहा अणूंचं यंत्राला काही वाटायचं नाही, तीस व्हायच्या आतच ते मान टाकायचं. सरांना शंभर हवे होते! मी वाचत गेलो. असल्या वेड्यावाकड्या चुंबकांचं कोडं सोडवायची झटपट रीत कुणाकडेच नव्हती, आणि ती सापडली तर तसली इतर असंख्य कोडीही सुटतील, हे गणितवाल्यांनी आधीच दाखवून दिलं होतं. म्हटलं, "सर, हे अवघड का आहे, तेच लिहू या." सर तापले की अहिराणीवर यायचे. "कठीण शे म्हणे! तू आळशी शेस, दुसरं काय? बूड टेकीसन बस, बठ्ठं जमस." बूड टेकून बसलं की सगळं जमतं म्हणे. बसलो, वर्षानुवर्षं बसलो. शेवटी 'कष्टाची तयारी नाही' असा शेरा मारून त्यांनी माझी नोंदणी रद्द करवली. मी नरडाण्याला शाळामास्तर झालो. गावात कुणी "डॉक्टर झाला का पोरगा?" विचारलं की माझे वडील, आबा, कापसाच्या भावाचं बोलायला लागायचे.

पुढे जळगावच्या एका चर्चासत्रात सर व्यासपीठावर. तीच पंगत, तेच भाऊबंद, आणि शेवटी, "मित्रहो, इथे संगणक हरतो. हे अवघड का आहे, हाच खरा विषय!" टाळ्या... अहो, माझं वाक्य! चहाच्या वेळी गाठलं. "सर, हे मी म्हणालो होतो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुणीतरी नाराज राहतंच, भाऊ. ते कोण, हे वाढप्यानं ठरवायचं असतं." आणि बिस्किट चहात बुडवलं. याला मी हलकटपणा म्हणतो, आज ते नसले तरी.

तेराव्याला गेलो ते अक्कांसाठी. त्या घरातून त्यांनी मला कधी उपाशी पाठवलं नव्हतं. सरांच्या बैठकीत दोन पंगती मांडलेल्या, एका ओळीमागे त्यांची वेताची खुर्ची, खुर्चीत हार घातलेला फोटो. अक्का म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सरांसमोर बसा. तुम्ही त्यांचे लाडके."

लाडका!

मी पाट उचलला, खुर्चीकडच्या ओळीत नेला आणि फोटोकडे पाठ करून बसलो. अक्का तोंड फिरवून आत गेल्या. खीर आली, ती मी दोनदा मागून घेतली.

कुणीतरी नाराज राहणारच होतं, सर. या वेळी वाढपी तुम्ही नव्हतात.