शंखातलं पावणं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गोमटेश मगदूम तीस वर्षं एकच काम करत आलेला: लोखंड ओतून तयार झालेलं कास्टिंग उचलायचं, बॅटरीच्या उजेडात फिरवायचं आणि सुईच्या टोकाएवढं भोक हुडकायचं. सुट्टी मिळाली की माणसं झोपा काढतात. हा गडी एसटीनं मालवण गाठायचा, पाठीवर हवेचं नळकांडं बांधून समुद्रात उतरायचा आणि तिथंही तेच करायचा. बाकीचे माशांबरोबर फोटो काढायचे, हा आपला वीतभर खडकापुढं पालथा. नखाएवढी गोगलगाय, तांदळाएवढी कोळंबी, बघतच राहायचा.

त्याला पाण्यात उतरवणारा विश्वजित मूळचा कागलचा. तो म्हणायचा, "काका, समुद्र एवढा थोरला, आन् तुमी वीतभरच बघतासा!"

"थोरलं बघायला डोळं थकल्यात रं."

घर जैनाचं. पाणी गाळून प्यायचं आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीतले त्याच विहिरीत परत सोडायचे, हे थोरली बहीण आक्काताई अजून पाळायची. म्हणून गोमटेश पाण्यात कशाला शिवायचा नाही. पण त्या रविवारी अंग फार आंबलं होतं. तळाशी एक देखणा शंख दिसला. रिकामा समजून त्यानं तो आक्काताईसाठी खिशात टाकला. रोज शंभर भोकांत डोळा घालणारा माणूस, पण त्या एका भोकात बघायचं राहून गेलं.

घरी पोचला तेव्हा दिवस बुडायला आलेला. दिवस मावळल्यावर या घरात जेवत नसत, म्हणून आक्काताईनं घाईनं ताट वाढलं. त्यानं पहिला घास घेतला, तोच ओल्या टॉवेलावरचा शंख तुरुतुरु चालायला लागला.

"आत कोण हाय रं?"

"खेकडा. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतोय त्यो."

"मग भाडेकरू घरासकट उचलून आणलास व्हय?"

"उद्या पहिली पाळी हाय आक्का. रंकाळ्याच्या तळ्यात सोडू?"

"गोड्या पाण्यात? जिवाणी कुठली, तू सोडतोस कुठं?"

बोलता बोलता सूर्य मावळला. ताट तसंच राहिलं.

सोमवारी त्यानं फाउंड्रीत 'येत न्हाय' म्हणून कळवलं, ओल्या टॉवेलात शंख गुंडाळून डब्यात ठेवला आणि पहिली गाडी धरली. करूळ घाटात मान गळून पडायची, वळणावर जाग यायची. जाग आली की तो झाकण किलकिलं करून बघायचा. सकाळपासून शंख हलला नव्हता.

मालवणला विश्वजित ओरडला, "काका, कालच गेलतासा की!"

गोमटेश तसाच पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यात वाकून त्यानं तळहातावर शंख धरला. शंख गप्प. कंबर धरली, तरी तो तसाच वाकलेला.

"पावणं, आलं गाव. उतरा की."

तीन लाटा गेल्या. मग भोकातून दोऱ्यासारखा एक पाय बाहेर आला, त्यानं पाणी चाचपून बघितलं. मग दुसरा. शंख हातावरून घसरला आणि वाळूवरून तिरका तिरका दगडाखाली गेला.

गोमटेश पँटीसकट पाण्यातच बसला.

"आलाईसाच तर उतरता का, काका?"

"नगो. आज जरा बसतो."