दहा विद्यार्थ्यांचा नियम

आमचे हे कुलगुरू झाले तेव्हा लोकांनी माझंही अभिनंदन केलं, जणू मुलाखत मी दिली होती. मी शाळेत गणित शिकवत होते आणि शिकवतच राहिले. फरक एवढाच पडला, की वारज्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून आम्ही विद्यापीठाच्या आवारातल्या एका भल्यामोठ्या बंगल्यात गेलो. तिथे स्वतःपुरता चहा करायचा म्हटलं तरी मला स्वयंपाक्याचा मूड बघावा लागे.

त्याआधी पंचवीस वर्षं हे वनस्पतिशास्त्राचे मास्तर. मास्तर हा शब्द त्यांचाच. लोणी काळभोरच्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि सगळी हयात गवताच्या जाती ओळखण्यात घातलेली. मुलांना घेऊन कात्रजच्या घाटात जायचे आणि संध्याकाळी अंगभर कुसळं घेऊन घरी यायचे. मी ती वेचत बसायचे आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचे. कुलगुरू झाल्यावर त्यांचे शर्ट स्वच्छ राहायला लागले. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मुदत पाच वर्षांची. ती संपल्यावर निवृत्तीला तीन वर्षं उरणार होती आणि ती आपल्या विभागात परत जाऊन शिकवण्यात घालवायची, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवलं होतं. बाकीचे कुठल्या कुठल्या समित्यांवर जातात. ह्यांना वर्गात जायचं होतं. माझ्या मनात मात्र एकच धास्ती, की हा माणूस परत मास्तर होईल ना?

धास्तीला कारण होतं. ह्यांना फायलीची भाषा चिकटली होती. सामानाच्या यादीत मी ‘गहू किती?’ असं लिहून ठेवलं, तर खाली हिरव्या शाईत शेरा, ‘चर्चा करावी.’ मी त्याखाली ‘चर्चेस वेळ नाही’ लिहून यादी परत त्यांच्या टेबलावर ठेवली. हसले खरे, पण पुढच्याच आठवड्यात लेकीचं अमेरिकेहून आलेलं पत्र वाचून त्यावर ‘पाहिले’ लिहिलं आणि खाली सही केली. ते खोलीत शिरले की माणसं उभी राहायची, बोलायला लागले की माना हलायच्या. माझी मान सोडून. पण मी एकटी किती पुरणार?

दिवस असे होते, की ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस सकाळी भरभरून जायच्या. यवतमाळ-वाशीमकडची मुलं कोर्स संपवून नोकरीला लागायची आणि पेढे घेऊन बंगल्यावर यायची. ह्यांना त्यांचं फार कौतुक. नव्या अभ्यासक्रमांना वर्ग हवे होते, शिक्षक हवे होते, आणि दुसरीकडे दोन-दोन, तीन-तीन मुलांसाठी ऐच्छिक विषय चालू होते. म्हणून ह्यांनी नियम करायला घेतला. अमुक संख्येहून कमी विद्यार्थी असतील, तर तो ऐच्छिक विषय त्या वर्षी चालवायचा नाही. मसुदा आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिला गेला. त्यांनी सहाचा आकडा घातला होता. मी समोर वह्या तपासत बसले होते. म्हटलं, ‘सहा काय? दहा करा. लक्षात राहतं.’ त्यांनी सहा खोडून दहा केले. मी किती व्यवहारी बाई, असं मला तेव्हा वाटलं.

मुदत संपली, आम्ही वारज्याला परत आलो. जूनमध्ये ह्यांच्या विषयाला, म्हणजे गवतांच्या वर्गीकरणाला, मुलं आली सात.

विभागप्रमुख ह्यांचेच विद्यार्थी. ते अर्ज टाइप करूनच घरी आले. ‘सर, एका वर्षापुरती सवलत मागायची आहे. नवे कुलगुरू नाही म्हणणार नाहीत. आपण फक्त सही करा.’

ह्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला आणि घडी घालून परत दिला. ‘नियम सगळ्यांना आहे.’

‘पण सर, नियम आपणच केलात.’

‘म्हणून तर.’

त्या सात जणांना दुसऱ्या विषयांत वाटून दिलं. विभागप्रमुख गेल्यावर मी ह्यांना फाडून खाल्लं. म्हटलं, अहो, तीन वर्षं काय खुर्ची उबवणार आहात? तत्त्वं काय ती तुम्हालाच का? ‘दहा तूच म्हणाली होतीस’ एवढं एकदा म्हणाले असते, तर मला निदान भांडता आलं असतं. सहाच राहिले असते, तर सात मुलांचा वर्ग सुरू झाला असता. हे गणित काही अवघड नव्हतं. ते मी सारखं करत होते.

दोन दिवसांनी त्यांनी विभागात जाऊन पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल मागून घेतली. हे काम सगळ्यांत नव्या शिक्षकाच्या गळ्यात मारतात. देठाचा, पानाचा ब्लेडने काप घ्यायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. काप इतका पातळ हवा, की त्यातून उजेड आरपार गेला पाहिजे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आले ते काप रंगवायच्या रंगानं बोटं लालभडक करून. बूटही न काढता खुर्चीत बसले.

‘काय झालं?’

‘काप जाड आला.’

‘कुणाचा?’

‘माझा. मुलांना दाखवायला घेतला होता. वाशीमची एक मुलगी आहे. तिनं बघितलं आणि म्हणाली, सर, जाड झालाय, काही दिसत नाही. बाकीची मुलं एकदम चिडीचूप. तिला कुणी सांगितलं नसावं, मी कोण होतो ते.’

‘मग?’

‘मग काय, खरंच जाड होता.’ ते लाल बोटं रुमालाला पुसायला लागले. ‘पाच वर्षांत मला एकानंही सांगितलं नाही गं, की सर, हे चुकलं. आणि मी काही पाच वर्षं बिनचूक नव्हतो.’

मला रडूच फुटलं. म्हटलं, ‘दहा मी म्हटलं होतं.’

‘तू म्हटलंस. लिहिलं मी,’ ते म्हणाले. मग उठले, बूट काढले आणि विचारलं, ‘घरात गाजर आहे का?’

गाजराला उभी चीर देऊन तिच्यात पान धरतात, म्हणजे कापताना ते हलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बशीत पाणी घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. ब्लेड फिरलं की एक-एक काप पाण्यात पडे. आठ-दहा झाल्यावर त्यांनी त्यातला एक बोटावर उचलून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘कसा आलाय?’

मी त्यांचं बोट धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. उजेड आरपार येत नव्हता. छान आलाय म्हणावं असं मला फार वाटलं. इतके दमलेले दिसत होते, आणि माझा जीव आहे हो ह्या माणसावर.

‘जाड आहे,’ मी म्हटलं.

त्यांनी ब्लेड पुसलं आणि पुढचा काप घेतला.