थेरगाव ते खेड, तीन फेऱ्या: बधिर पायांसाठी शिवलेले बूट

"डोळे मिटा आणि दोरा टेकला की हो म्हणा," डॉक्टर म्हणाल्या. मी डोळे मिटले आणि वाट बघत राहिलो. बराच वेळ काहीच होईना म्हणून डोळे उघडले, तर त्या नायलॉनचा दोरा डबीत ठेवत होत्या. दोन्ही तळव्यांवर सगळीकडे टेकवून झाला होता. मी दोनदाच हो म्हणालो होतो, तेही टाचेवर.

मला साखर आहे हे नऊ वर्षांपासून माहीत आहे. पायांचं नव्हतं. चाकणजवळच्या एका हॉटेलात मी बँक्वेट कॅप्टन आहे. कंपन्यांच्या मीटिंगा, ऑडिटला आलेले परदेशी पाहुणे, त्यांची जेवणं सांभाळायची. दहा तास उभं राहायचं आणि पायात काळे लेदरचे बूट हवेत, हा नियम. गेल्या वर्षी अशाच एका बुटानं करंगळीला जखम केली. ती मला कळली ती बायकोनं, रेखानं, मोजा धुवायला घेतला तेव्हा. तीन महिने ड्रेसिंग चाललं. हॉटेलात सांगितलं, गाडीवरून पडलो.

"पुन्हा जखम झाली तर करंगळी राहीलच असं सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पुढून रुंद, आत शिवण टोचणार नाही असा चांगला बूट घ्या. नाहीतर काम बदला."

परभणीहून इकडं आलो त्याला सतरा वर्षं झाली. काम बदला हे ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यातच बसलो. त्या दिवशी ठरलं, बूट शोधायचा. हा प्रवास लांबचा नाही, पण आयुष्यात इतका घाबरून दुसरीकडं कुठं गेलो नाही. माझ्यासारखे पाय असलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून तपशिलानं लिहितोय.

सुरुवात चिंचवडच्या एका मोठ्या दुकानातून झाली. सेल्समन नम्र होता. बुटाच्या कडेनं फिरणारी शिलाई दाखवून म्हणाला, "वेल्टेड आहे सर, दहा वर्षं बघायला नको." मी घालून चार पावलं चाललो. "कम्फर्टेबल वाटतोय ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. मला दुकानातला प्रत्येक बूट सारखाच वाटत होता, हे त्याला कसं सांगणार? घेऊन टाकला.

तळाला रबर लावायला डांगे चौकातल्या मोच्याकडं गेलो. त्यानं बूट वाकवला, आत बोट घातलं, कडेची शिलाई नखानं खरवडली आणि परत माझ्या हातात दिला. "भाऊ, ही शिलाई दिखाव्याची आहे. पट्टी नुसती चिकटवलीय. खऱ्या बुटात वरचं कातडं, आतला तळ आणि ही पट्टी एकत्र शिवतात, मग खालचा तळ पट्टीला शिवतात. झिजला तर उसवून नवा बसवता येतो. आत बुचाचा भुगा भरतात, तो हळूहळू पायाच्या आकाराचा होतो." मग म्हणाला, "परत करा. खरा पाहिजे तर खेडला इंदुमावशीकडं जा."

खेड म्हणजे राजगुरुनगर. पाटीवर काहीही असो, इकडची जुनी माणसं खेडच म्हणतात.

पहिली फेरी मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी. आम्ही राहतो त्या थेरगावहून चाळीसेक किलोमीटर आहे. स्कूटर रेखा चालवते, कारण थांबताना पाय जमिनीला टेकला की नाही ते मला कळत नाही. सकाळी सहाच्या आत निघा. फर्स्ट शिफ्टच्या बसेस सुरू झाल्या की मोशीपासून पुढं गाडी हलत नाही, आणि चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या मागं अडकलात तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा. स्वतःची गाडी नसेल तर भोसरीहून बस मिळते. चाकण सोडलं की रस्ता जरा मोकळा होतो, शेतं दिसायला लागतात, मध्येच एखादं गोडाऊन. रेखा शेतं बघत होती. मी स्कूटरवर टेकवलेले माझे पाय बघत होतो, जागेवर आहेत ना म्हणून. खेडला स्टँडजवळ मिसळ खाल्ली. झणझणीत असते, रस्सा बेतानं घ्या.

इंदुमावशींचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. साठीच्या बाई, चष्म्याला दोरी, समोर लाकडी पायांची रांग. त्याला फर्मा म्हणतात, त्यावर बूट चढवून शिवतात. नवरा आणि त्या, दोघं बूट निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात होते. नवरा गेल्यावर त्यांनी घरीच काम सुरू केलं.

"पाय द्या," त्या म्हणाल्या. वयानं मोठ्या बाईच्या मांडीवर पाय ठेवायला मला अवघड झालं. त्यांनी स्वतःच ओढून घेतला, कागदाच्या पट्टीनं पाच ठिकाणी मापं घेतली, मग अंगठ्यानं सांधे दाबत गेल्या. "हितं दुखतंय?"

"नाही."

"हितं?"

"नाही."

"लई धट हाय पाय तुमचा," त्या म्हणाल्या.

रेखानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, म्हणजे बोलू नकोस. चाकण ते खेड सगळे एकमेकांच्या ओळखीचे, कुणाचा भाचा कुठल्या हॉटेलात, सांगता येत नाही. परत येताना वाकी गाव मागं पडलं. मग आरशात बघून म्हणाली, "अहो, त्यांच्यापासून लपवून काय मिळालं?"

दुसरी फेरी तीन आठवड्यांनी. बूट तयार होता, आणि खरंच देखणा होता. साधा काळा, पुढून गोल, कडेची शिलाई एकसारखी. मोच्यानं केलं होतं तसं मी आत बोट घालून पाहिलं, पण पुढपर्यंत ते पोचलं नाही. घातला. रेखा म्हणाली टाच निसटत नाहीये. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील.

"कसा हाय?" मावशींनी विचारलं.

"मस्त. इतका आरामाचा बूट कधी घातला नव्हता."

मी हे मनापासून बोललो. मग खाली बसून बूट काढला, आणि रेखाच्या चेहऱ्यावरून मला काय झालंय ते कळलं. डाव्या मोज्यावर अंगठ्यापाशी रुपयाएवढा लाल डाग होता आणि तो पसरत होता.

मावशींनी बुटात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. आतला तळ फर्म्यावर धरायला बारीक खिळे मारतात, चुका म्हणतात त्यांना. सगळ्या उपटायच्या असतात. एक राहिली होती. "चूक ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "पर येवढी टोचती, तुमी चालत व्हता कसं? कळलं न्हाई?"

"त्यांना कळत नाही," रेखा म्हणाली. "साखर आहे. पाय बधिर आहेत."

मी मोजा हातात धरून बसलो होतो. टोचल्याचं दुखत नव्हतं, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. मला वाटलं आता पुढचं सगळं सुरू झालं. ड्रेसिंग, रजा, आणि मग करंगळीऐवजी अंगठा.

"खिळा ऱ्हायला ह्यो माझा दोष," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "पर पायाचं तुमी पयल्या दिवशी का न्हाई सांगितलं? म्या दुखतंय का म्हणून इचारत व्हते ते उगाच न्हाई. त्याच्यावरच बूट बेतला म्या."

त्यांनी पैसे परत पुढं केले, मी घेतले नाहीत. त्या आमच्याबरोबर जवळच्या दवाखान्यात आल्या. जखम धुतली, इंजेक्शन दिलं. परतीच्या वाटेवर उन्हात चाकणचा जॅम लागला. डावा पाय पिशवीत गुंडाळून मी मागं बसलो होतो. दोन्ही बाजूंना ट्रक आणि इंजिनांचा धूर. रेखा एका हातानं डोळे पुसत होती आणि म्हणत होती, धूर जातोय डोळ्यात.

थेरगावच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस उभं राहायला मनाई केली. रजा मागायला मॅनेजरसमोर बसलो तेव्हा खोटं तयार होतं, पुन्हा गाडीवरून पडलो. पण तोंडातून खरं निघालं. साखर, बधिरपणा, गेल्या वर्षीचं, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "पंधरा दिवस बुकिंगच्या टेबलावर बस," म्हणाला. "बूट काळे असले की झालं, कुठले ते तुझं तू बघ." मी सुटलो असं वाटलं, तेवढ्यात दारातून जाता जाता तो म्हणाला, "तसाही पुढच्या महिन्यात अजून एक कॅप्टन घेतोय." ते माझ्या मदतीला की माझ्या जागेवर, हे मला अजून कळलेलं नाही.

जखम भरली. रोज सकाळी रेखा पाय बघायची आणि "कमी आहे" म्हणायची, आणि मी तिच्या आवाजावरून खरं आहे का ते ताडायचो. एका सकाळी ती म्हणाली, "बंद झाली." मी स्वतः आरसा घेऊन बघितलं. खरंच बंद झाली होती.

तिसरी फेरी त्यानंतरची. इंदुमावशींनी बूट पूर्ण उसवून नव्यानं शिवला होता. आतलं अस्तर एकसंध, पुढं शिवण नाही, बोटांवर जास्त जागा. देण्याआधी त्यांनी चष्मा काढून डोळे मिटले आणि दोन्ही बुटांत हात घालून आतला इंच न् इंच चाचपला. मग रेखाला चाचपायला लावला. मग मला.

"आता तुमचा हात म्हंजीच तुमचा पाय," त्या म्हणाल्या. "रोज घालायच्या आदी हात घाला. इसरू नगा."

त्यांनी शिकवलं ते सांगतो, कुठल्याही बुटाला चालेल. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना कोऱ्या कागदावर उभं राहून पेन्सिलीनं पाय आखून घ्या आणि बूट त्या रेषेवर ठेवा. पायाची रेषा तळाच्या बाहेर जात असेल तर तो बूट तुमचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. शिवलेला बूट सुरुवातीला कडक असतो, म्हणून पहिल्या दिवशी पंधराच मिनिटं घालायचा, काढायचा, पाय बघायचा. लाली राहिली तर थांबायचं. वाढवत वाढवत पूर्ण शिफ्टपर्यंत यायला मला दीड महिना लागला. आता तळातलं बूच पायाखाली दबलंय, रेखा म्हणते चालण्यातला फरक दिसतो. मला जाणवत नाही. मी तिच्यावर विश्वास ठेवतो. चार तासांनी स्टोअररूममध्ये जाऊन बूट काढून पाय बघतोच, आणि बघेपर्यंत छातीत धडधडतं. ते काही गेलेलं नाही.

गेल्या रविवारी दुपारी आमच्या हॉटेलातला सावंत घरी आला. तंदूरवर असतो, कणकवलीचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कामापलीकडं फारसं बोलणारा नाही. चहा घेतला, पावसापाण्याचं विचारलं, कप खाली ठेवला तरी उठेना. मी मॅनेजरला सांगितलेलं आता सगळ्या किचनला माहीत होतं.

"तुझ्यासारखंच काही असेल तर," तो म्हणाला, आणि थांबला. "म्हणजे आधी कळतं कसं?"

रेखानं दार लोटून घेतलं. सावंतनं खाली वाकून उजवा मोजा काढला, पाय माझ्याकडं केला आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.

"बघ," म्हणाला. "मला सांग काय आहे ते."

मी त्याची टाच हातात घेतली आणि खाली वाकलो.