सड्याचं चित्र

माझा हात अक्षरांवर चांगला होता. हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगणारं दुसरं कोणी आता फारसं उरलेलं नाही. महाडच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचो आणि शाळा सुटल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवायचो. शाळेत चित्रकलेच्या मास्तरला कोणी विचारत नाही. परीक्षा जवळ आली की त्याचे तास गणितवाले घेतात. पाट्यांमुळे मात्र मला बाजारपेठेत मान होता, आणि तो मला आवडायचा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका डोंगराच्या सड्यावर बॉक्साइटची खाण येणार असल्याचं कळलं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. त्याच्या कडेने दाट रान, रानात देवराई, देवराईत बारमाही झरा आणि झऱ्याच्या खाली कातकऱ्यांची लहानशी वाडी. खालच्या गावातली निम्मी माणसं मुंबईला कामाला. त्यांना वाटत होतं, खाण आली तर पोरं परत येतील. कातकऱ्यांना काय वाटतं हे कोणी विचारायला गेलं नव्हतं.

आम्ही महाडात पाचसहा जणांनी समिती काढली. त्यात माझा एक शाळासोबती होता, गाड्यांचा धंदा करणारा. त्याचे दोन भाऊ आखातात, आणि हा इथे ट्रक सांभाळायचा. खाण झाली असती तर माल वाहायला पहिल्या गाड्या त्याच्याच लागल्या असत्या. तरीही तो आमच्यात आला. "मास्तर, तुमच्यापायी माझ्या गाड्या उपाशी मरणार," असं दर बैठकीला म्हणायचा आणि सगळ्यांना चहा पाजायचा.

खाणीला परवानगी द्यायची का यावर सरकारी सुनावणी जाहीर झाली तेव्हा ठरलं की भाषणं नकोत, एक मोठं चित्र न्यायचं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी डोंगर पाहिलेला नाही, तर डोंगरच त्यांच्यासमोर टांगायचा. कल्पना माझी होती. मुंबईहून आलेल्या एका कार्यकर्त्याने सुचवलं की आदिवासी म्हटल्यावर त्रिकोणी माणसं हात धरून नाचताना काढावीत. मी म्हटलं, ती वारल्यांची चित्रं. आमचे कातकरी भिंती रंगवत नाहीत. ते खेकडे धरतात, कोळसा पाडतात आणि रानातलं जे तुम्हाला दिसत नाही ते खातात. तो जरा हिरमुसला. मला मात्र स्वतःचं फार कौतुक वाटलं, की बघा, मला यांची माहिती आहे.

फाल्गुनात मी सलग चार रविवार डोंगरावर गेलो. वाडीतली पन्नाशीची एक बाई मला रान दाखवायची. मी तिला बाय म्हणायचो. ती झपाझप पुढे चालायची आणि मी मागून धापा टाकत जायचो. आग्या मोहोळांचा कडा, खेकड्यांची बिळं, माणसं पुरायची जागा, कुठल्या झाडाची साल कुठल्या दुखण्यावर, हे सगळं तिने दाखवलं. मी वहीत टिपत गेलो, शेजारी पेन्सिलीने काढत गेलो.

शेवटच्या रविवारी तिने मला सड्याच्या पूर्वेकडच्या उतरणीवर नेलं. तिथे वाळलेलं गवत आणि ऊन, दुसरं काहीच नव्हतं. मी टोपीने वारा घेत बसलो.

"हितं कांदं हायत मास्तर," ती म्हणाली. "आता येल सुकलाय म्हनून दिसत नाय. आखाड-सरावनात घरात दाना नसतो, तवा ही उतरण आमाला जगवते."

मी विचारलं, दिसत नाही तर सापडतात कसे? तिने गवतातून दोऱ्याएवढा सुका वेल उचलून दाखवला, तो जमिनीत शिरतो तिथे काठीने उकरलं आणि हाताच्या पंजाएवढा कंद बाहेर काढला. वरची मुंडी कापून परत त्याच खड्ड्यात पुरली, वर माती दाबली. म्हणाली, मुंडी ठेवली की पुढच्या साली परत धरतो, सगळा उपटून नेणाऱ्याला आमच्यात शिव्या पडतात. कंद कडू असतो. काप करून राखेच्या पाण्यात उकडायचे, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या झऱ्यात ठेवायचे, तेव्हा कुठे खाता येतात. हे सगळं मी लिहून घेतलं. कंदाचं चित्रही काढलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःलाच ठेवलेली नाही.

शाळेच्या हॉलमध्ये मांजरपाट अंथरला, सरस आणि खडूची भुकटी लावून कापड तयार केलं. पाट्या रंगवणाऱ्याची एक सवय असते. तो आधी अक्षरांची जागा राखतो आणि मग उरलेल्या जागेत चित्र बसवतो. अक्षरं गर्दीत घुसमटली तर पाटी फुकट गेली. तीस-चाळीस मुलांना दरवर्षी मी हेच शिकवत होतो. देवराई डावीकडे आली, झरा मधोमध, कडा वर, वाडी खाली. उजवीकडे पूर्वेची उतरण. तिथे नुसतं पिवळं गवत, सपाट, हलक्या रंगाचं. अक्षरांसाठी याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. मी तिथे वीतभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलं, 'डोंगर आमच्या हक्काचा', आणि मागे सरकून बघत राहिलो. आयुष्यात इतकी देखणी अक्षरं माझ्या हातून उतरली नव्हती. कंद कुठे दाखवावेत हा प्रश्न क्षणभर मनात आला होता. जमिनीखालचं दाखवायचं कसं, असं म्हणून मी तो सोडून दिला.

सुनावणीला सोबत्याने स्वतःचा ट्रक काढला, वाडीतली सगळी माणसं बसवून आणली. चित्र भिंतीवर चढलं. कातकऱ्यांनी जवळ जाऊन आपापल्या झोपड्या ओळखल्या. बाय पहिल्या रांगेत जमिनीवर बसली होती.

खाणवाल्यांचा एक तरुण इंजिनिअर उठला. अगदी सभ्य मुलगा. त्याने आधी माझ्या चित्राची मनापासून तारीफ केली. मग म्हणाला, आम्ही हे चित्र मान्य करतो. मास्तरांनी जिथे झाडं दाखवलीत, झरा दाखवलाय, देवाची आणि माणसांची जागा दाखवलीय, तिथे आम्ही कुदळ लावणार नाही. पूर्वेच्या बाजूला मात्र यांच्याच चित्रात काही नाही, तेवढी आम्हाला द्यावी.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आमच्या वकिलाने माझ्याकडे पाहिलं. देवराई वाचत होती, झरा वाचत होता. मी मान डोलावली. मला वाटलं, आपण जिंकलो. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही होत्या.

पुढे ते चित्र मुंबईत एका प्रदर्शनात लागलं. लोक येऊन अक्षरांचे फोटो काढून गेले. सोबती मला पेठेत ओळख करून देताना "डोंगर वाचवणारे मास्तर" म्हणायचा आणि मी नको नको म्हणत हसायचो.

चित्र परत आल्यावर वाटलं, हे वाडीतच असायला हवं. खाण सुरू झाल्यानंतरचा तो दुसरा श्रावण. गुंडाळी प्लास्टिकमध्ये बांधून मी वर गेलो. देवराई जागच्या जागी होती, झरा वाहत होता. पूर्वेची बाजू मात्र सोलून काढली होती, तांबडी लाल, आणि पावसाचा लोट तिथून खाली येत होता. मी तिथे उभा राहिलो तेव्हा मला बाय काठीने माती उकरताना आठवली. तोवर मला त्या कंदांची एकदाही आठवण झाली नव्हती. याची लाज मला आजही वाटते.

वाडीत निम्म्या झोपड्यांना दारं लावलेली. माणसं पाऊस संपायची वाट न बघता पेणकडे मजुरीला गेली होती. बाय घरी होती, वाळलेली. चूल थंड होती. तिने मला बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने गुंडाळी ओळखली आणि म्हणाली, उघडा.

आम्ही ते जमिनीवर पसरलं. ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

"ह्ये वाचून दाखवा मास्तर. त्या दिशी मला वाटला, तुमी उठून वाचाल."

मी विचारलं, काय वाचेन असं वाटलं?

"कांद्यांची नावां. तुमी वहीत लिवून घेतलेली ना? ते बोलले, हितं काय नाय. मी म्हनला, हाय की, मास्तरांनी लिवलाय. म्हनून मी गप बसली."

मला वाचावं लागलं. मी बोट फिरवत, पहिलीच्या मुलाला शिकवावं तसं, एकेक शब्द वाचला. डोंगर. आमच्या. हक्काचा.

तिने ते ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आन् कांद्याचा?" तिने विचारलं.

"कांद्याचं काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.